‘आपले तारण साधून घ्या’ : देवाची कृपा आणि माणसाचा प्रयत्न यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळीच्या शास्त्राभ्यासात, उपासना संपल्यावर दारात, तर कधी दवाखान्यातल्या खाटेशेजारी हे प्रश्न मला गेली अनेक वर्षे विचारले जात आहेत. विचारणारा प्रत्येक जण वेगळा असला, तरी प्रश्नाचा गाभा एकच असतो : तारण देवाचे दान असेल, तर माझ्या धडपडीला काय अर्थ, आणि धडपडीला अर्थ असेल, तर ते दान कसे? उत्तरे देताना मी शक्यतो प्राचीन मासेदोनियातल्या फिलिप्पै या एकाच गावापाशी राहिलो आहे. तारणाविषयीचा सर्वांत सरळ प्रश्न त्या गावात विचारला गेला आणि माणसाच्या प्रयत्नाविषयीचे सर्वांत अवघड वाक्य त्याच गावाला लिहिले गेले.

तारण मिळवण्यासाठी मी काय केले पाहिजे?

नेमके हेच शब्द फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाने मध्यरात्री उच्चारले (प्रेषितांची कृत्ये १६:३०). त्या दिवशी प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना छड्यांनी मारून त्याच्या ताब्यात दिले होते आणि त्याने त्यांना आतल्या कोठडीत नेऊन त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते. भूकंप झाला, दारे उघडली, कैदी पळाले असे समजून त्याने स्वतःला मारण्यासाठी तलवार उपसली, तेव्हा अंधारातून पौलाने मोठ्याने हाक मारून सांगितले की, आम्ही सर्व येथेच आहोत. दिवे मागवून, थरथर कापत तो आत आला आणि त्याने विचारले, ‘मी काय करावे?’ पौलाने त्याच्यापुढे कामांची यादी ठेवली नाही. प्रभू येशूवर विश्वास ठेव, एवढेच त्याने सांगितले.

पण पुढची वचने आपण घाईने वाचतो, असे मला नेहमी वाटते. त्या माणसाने त्याच घटकेस, रात्रीच्या त्याच प्रहरी, कैद्यांना बाहेर नेऊन त्यांच्या जखमा धुतल्या. त्यानंतर त्याचा आणि घरच्या सर्वांचा बाप्तिस्मा झाला. मग त्याने त्यांना घरी नेऊन जेवायला वाढले. ज्यांना खोड्यात अडकवले, त्यांच्याच पाठीवरचे वळ त्याने पाणी घेऊन धुतले. आणि हे त्याला कोणी सांगितले होते, असे वृत्तांतात कुठेही नाही. ‘काय करावे?’ या प्रश्नाला मिळालेले उत्तर विश्वासाचे होते, आणि त्या उत्तराने त्याचे हात कामाला लागले. पुढची सर्व उत्तरे या रात्रीवरच उभी आहेत.

मग त्याच फिलिप्पैच्या लोकांना पौल ‘आपले तारण साधून घ्या’ असे का लिहितो?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून तो सावकाश पाहू. बंदिशाळेत असताना लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की, तुम्ही भीत व कापत आपले तारण साधून घ्या (फिलिप्पैकरांस २:१२). येथे थांबले, तर सगळा भार माणसाच्या खांद्यावर येतो. पण वाक्य येथे थांबत नाही. पुढचा शब्द ‘कारण’ हा आहे : कारण इच्छा करणे व कृती करणे हे तुमच्या ठायी साधून देणारा तो देव आहे (२:१३).

मराठीत वाचणाऱ्याला येथे एक गोष्ट सहज हाती लागते. आपल्या प्रचलित भाषांतरात दोन्हीकडे ‘साधणे’ हे एकच क्रियापद आहे. माणसाच्या बाजूला ‘साधून घ्या’ आणि देवाच्या बाजूला ‘साधून देणारा’. घेणे आणि देणे एवढाच काय तो फरक. भाषांतरकाराने हे शब्दांच्या हौसेपोटी केलेले नाही, कारण मूळ ग्रीकमध्येही दोन्ही क्रियापदांच्या पोटात ‘एर्गोन’, म्हणजे काम, हाच शब्द आहे. देणाऱ्याने दिल्याशिवाय घेता येत नाही, आणि दिलेले ओंजळ पुढे करून घ्यावेच लागते. पौलाने देवाचे काम आणि माणसाचे काम यांची अर्धी-अर्धी वाटणी केलेली नाही. देव सर्व साधून देतो, म्हणून तुम्ही सर्व साधून घ्या, असा त्याचा युक्तिवाद आहे. एकाचे प्रमाण वाढले की दुसऱ्याचे घटते, असा हिशेब त्याच्या मनात नाही.

आणखी दोन बारकावे आहेत. पहिला असा की, ‘तुम्ही’ हे येथे अनेकवचन आहे. हे एकट्याने खोलीत बसून करायचे काम नसून मंडळीने मिळून करायचे आहे, आणि लगेच पुढे कुरकुर व वादविवाद न करता सर्व काही करा, अशी सूचना येते. त्याच पत्राच्या चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोन बहिणींनी एकमनाचे व्हावे, अशी कळकळीची विनंती आहे. तारण साधून घेणे म्हणजे काय, हे फिलिप्पैत त्या दोघींच्या अबोल्यापर्यंत येऊन पोहोचत होते. दुसरा बारकावा क्रियापदाच्या अर्थात आहे : ते क्रियापद एखादी गोष्ट शेवटास नेणे, तिचे फळ हाती येईपर्यंत काम करणे, या अर्थाचे आहे. जे हाती नाही ते कमावण्याविषयी पौल बोलत नाही. पत्राच्या आरंभीच त्याने म्हटले आहे की, ज्याने तुमच्यामध्ये चांगले काम सुरू केले, तोच ते सिद्धीस नेईल (१:६).

‘भीत व कापत’ याचा अर्थ तारण हातचे जाईल अशी भीती बाळगणे, असा आहे का?

नाही. हा शब्दप्रयोग पौलाच्या नावे असलेल्या पत्रांत आणखी तीन ठिकाणी आढळतो (१ करिंथकरांस २:३, २ करिंथकरांस ७:१५, इफिसकरांस ६:५), आणि तेथे कोठेही नरकाच्या धास्तीचा विषय नाही. करिंथच्या लोकांनी पौलाचा सहकारी तीत याचे स्वागत ‘भीत व कापत’ केले, म्हणजे त्याला गांभीर्याने आणि आदराने घेतले. जिवंत देव आपल्या आत काम करत आहे, हे ज्याला खरेच पटले, तो माणूस बेफिकीर राहू शकत नाही. ते थरथरणे त्या जाणिवेचे आहे.

‘तारण’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? तारण झाले आहे, होत आहे की होणार आहे?

‘तारणे’ म्हणजे पार नेणे, बुडत्याला वाचवणे. बाजारात आपण सोनेतारण कर्ज म्हणतो, तेव्हा तोच शब्द गहाण ठेवलेल्या वस्तूसाठी येतो, आणि मला वाटते, या दुसऱ्या अर्थाची सावली अनेकांच्या मनावर नकळत पडलेली असते. देवाकडे आपण काही चांगुलपणा तारण म्हणून ठेवला, तरच त्याच्याकडून काही मिळेल, असा व्यवहार मनात बसतो. शास्त्रातला अर्थ पहिला आहे. बुडणारा माणूस तारणाऱ्याकडे काही गहाण ठेवत नाही.

काळाविषयी सांगायचे, तर नवा करार तिन्ही काळ वापरतो. कृपेने तुमचे तारण झालेले आहे (इफिसकरांस २:८), ज्यांचे तारण होत आहे त्यांना वधस्तंभाचा संदेश देवाचे सामर्थ्य आहे (१ करिंथकरांस १:१८), आणि आपण त्याच्या द्वारे क्रोधापासून तारले जाऊ (रोमकरांस ५:९). पहिला काळ विसरणारा आयुष्यभर कमाई करत राहतो. मधला काळ विसरणारा बाप्तिस्म्याचा दाखला कपाटात ठेवून निश्चिंत होतो. मंडळ्यांतले बरेचसे वाद यांतला एकच काळ धरून बसल्यामुळे पेटतात.

जुन्या करारात लोकांचे तारण कर्मांनी होत होते आणि नव्या करारात कृपेने होते, हे बरोबर आहे का?

ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. निर्गमाचे पुस्तक क्रमाने वाचावे. आधी वल्हांडणाची, म्हणजे मिसरातून सुटकेची, रात्र, मग तांबडा समुद्र ओलांडणे, आणि त्यानंतर सीनाय पर्वतावर दहा आज्ञा. त्या आज्ञांचे पहिले वाक्य आज्ञा नाहीच. ज्याने तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणले तो परमेश्वर तुझा देव मी आहे, असे ते वाक्य आहे (निर्गम २०:२). सुटका आधी आणि नियमशास्त्र नंतर. पुढे अनुवाद ९:४-६ मध्ये मोशे लोकांना बजावतो की, हा देश तुमच्या नीतिमत्त्वामुळे मिळतो आहे, असे मनातही आणू नका. यहूदी धर्माला केवळ कर्मांच्या हिशेबाचा धर्म ठरवून ख्रिस्ती कृपेची थोरवी गाणे हा त्या लोकांवर अन्याय आहे आणि आपल्याच शास्त्राच्या पूर्वार्धाचे चुकीचे वाचन आहे.

मग पौल ज्या ‘नियमशास्त्राच्या कर्मां’विरुद्ध लिहितो, ती कोणती? गलतीयातला वाद सुंतेवरून पेटला होता आणि अंत्युखियातला एकत्र जेवण्यावरून. यहूदी नसलेल्यांनी आधी यहूदी व्हावे, तरच ते देवाचे लोक, असा आग्रह धरला जात होता. पौलाचे उत्तर मात्र त्या वादापुरते राहत नाही. रोमकरांस ४:४ मध्ये तो मजुरीचे उदाहरण घेऊन सांगतो की, काम करणाऱ्याला मिळणारी मजुरी ही कोणाची मेहेरबानी नसते, ती देणे लागत असते. आणि देव कोणाचेही देणे लागत नाही.

पौल म्हणतो विश्वासाने, याकोब म्हणतो केवळ विश्वासाने नव्हे. दोघांपैकी बरोबर कोण?

विरोध खरोखर दिसतो आणि तो झाकू नये. रोमकरांस ३:२८ म्हणते की, माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब २:२४ म्हणते की, माणूस कर्मांनी नीतिमान ठरतो, केवळ विश्वासाने नाही. संपूर्ण नव्या करारात ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द जोडीने फक्त येथेच येतात, आणि तेही नकारासह. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२२ च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस ३:२८ मध्ये ‘केवळ’ हा शब्द स्वतः घातला, आणि त्याच वर्षी याकोबाच्या पत्राला त्याने गवताचे पत्र म्हटले. ते वाक्य त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत राहिले नाही, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना सांगितली जाते. रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्याच ल्यूथरने असेही लिहिले आहे की, अग्नीपासून उष्णता आणि प्रकाश वेगळे काढता येत नाहीत, तशी विश्वासापासून सत्कृत्ये वेगळी काढता येत नाहीत.

दोघेही अब्राहामाचेच उदाहरण देतात, आणि उलगडा तेथेच आहे. पौलाच्या डोळ्यांपुढे उत्पत्ति १५ वा अध्याय आहे : रात्रीचे आकाश, मोजता न येणारे तारे, मूलबाळ नसलेला म्हातारा माणूस, आणि देवाच्या शब्दावर त्याने ठेवलेला भरवसा, जो त्याच्या बाजूने नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. याकोब उत्पत्ति २२ व्या अध्यायाकडे, इसहाकाला घेऊन मोरीयाच्या डोंगरावर चढणाऱ्या अब्राहामाकडे बोट दाखवतो. मध्ये अनेक वर्षे गेली आहेत. पौल विचारतो की, देवाशी नाते कशावर जुळले. याकोब विचारतो की, जुळलेले ते नाते जिवंत आहे हे कशावरून समजावे. देव एकच आहे हे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे याकोब म्हणतो (२:१९). उघड्या, उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ असे म्हणून वाटेला लावणाऱ्याचा विश्वास त्याच्या लेखी मेलेला आहे. पौलही हेच एका वाक्यात सांगतो : महत्त्व आहे ते प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाला (गलतीकरांस ५:६). इफिसकरांस पत्रातली २:८ आणि २:९ ही वचने आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. २:१० वे वचनही पाठ करून घ्यावे, असा माझा आग्रह आहे, कारण आपण सत्कृत्ये करण्यासाठी घडवलेली देवाची हस्तकृती आहोत, हे तेथे लिहिले आहे.

मत्तय २५ मध्ये न्याय कर्मांवरूनच होतो ना?

होय, आणि या उताऱ्याची धार बोथट करू नये. भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. परंतु न्यायाच्या वेळी उजवीकडे ठेवलेले, म्हणजे नीतिमान ठरलेले, लोक गोंधळून विचारतात की, प्रभू, आम्ही तुला भुकेले कधी पाहिले? त्यांनी वही ठेवलेली नव्हती. जो तारणाचा हिशेब करून दान देतो, त्याला हा प्रश्न सुचलाच नसता.

याच्या शेजारी मत्तय २० मधला दाखला ठेवावा. पहाटे मजूर नाक्यावरून नेलेल्यांना आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आणलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो. दिवसभर ऊन सोसलेल्यांची कुरकुर आपल्याला रास्त वाटते, आणि तशी ती वाटावी, अशीच त्या दाखल्याची रचना आहे. शेवटच्यांना कोणी कामावर लावले नव्हते; त्यांच्या घरची चूलही तेवढ्याच मजुरीवर पेटणार होती.

कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात आणि प्रोटेस्टंट विश्वासाने, हे खरे आहे का?

असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. माणूस केवळ स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो, या पेलागियसच्या मताला ऑगस्टीनने विरोध केला, ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने ते मत नाकारले, आणि विश्वासाचा आरंभदेखील कृपेनेच होतो, असे ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने ठरवले. हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोघांचाही वारसा आहे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी नीतिमान ठरण्याविषयी जे निर्णय दिले, त्यांतला पहिलाच असा आहे की, ख्रिस्ताच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो, असे म्हणणारा चर्चच्या बाहेर आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि या विषयाच्या गाभ्यावर एकमत असल्याचे जाहीर केले. २००६ मध्ये मेथडिस्ट मंडळ्या त्यात सामील झाल्या.

मतभेद उरले आहेतच. संतांच्या पुण्याचा साठा, मरणानंतरचे शुद्धिस्थान, बाप्तिस्म्यानंतर माणसात उरणाऱ्या पापप्रवृत्तीचे स्वरूप यांवर एकमत नाही. पण वसईची कॅथलिक मुलगी आणि अहिल्यानगरच्या प्रोटेस्टंट घरातला मुलगा यांचे लग्न ठरत असताना ‘त्यांच्यात कर्मांनी तारण मानतात’ असे म्हणून कोणी तोंड फिरवत असेल, तर त्याने ट्रेंटचा तो पहिला निर्णय एकदा वाचावा.

उपवास, दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग देणे), नवस यांनी देव प्रसन्न होत नाही का?

या प्रश्नाचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून द्यावेसे वाटते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंनी आपल्या साक्षीत सांगितले आहे की, त्यांच्या कुटुंबाने तीर्थयात्रा केल्या, उपवास केले, पैसा संपेपर्यंत दाने दिली, आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण यांना त्यांनी गमावले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही पुढे कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवले. चर्चमध्ये जाऊनही माणूस कमाईच्याच रस्त्यावर राहू शकतो, याची इतकी स्वच्छ कबुली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आणि तारण हे दान आहे, हे उमजल्यावर त्या हात जोडून स्वस्थ बसल्या नाहीत. केडगावला त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेचे नाव ‘मुक्ती’. दुष्काळात सापडलेल्या मुलींना आणि विधवांना त्यांनी तेथे आसरा दिला, त्यांच्या हाताला शेती, विणकाम आणि छपाई शिकवली, आणि स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून अखंड बायबलचे मराठी भाषांतर केले. ते काम त्यांनी १९२२ मध्ये मृत्यू येण्याच्या थोडेच आधी हातावेगळे केले. ही मेहनत देवाला प्रसन्न करून घेण्यासाठी केलेली नव्हती. उपवास, दशमांश यांचेही तसेच आहे. येशूच्या दाखल्यात जकातदार दूर उभा असताना परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी, याच दोन गोष्टी देवाला मोजून दाखवत होता (लूक १८:१२), आणि चूक त्या मोजण्यात होती.

तारण दान असेल, तर पाप करत राहिले तरी चालेल का?

हा आक्षेप पौलाच्या हयातीतच घेतला गेला होता आणि त्याने तो साफ फेटाळला (रोमकरांस ६:१-२). बुडताना वाचलेला माणूस पुन्हा त्याच डोहात उडी घेत नाही.

माझी इच्छादेखील देवच देत असेल, तर मला स्वातंत्र्य कोठे राहिले?

येथे मंडळ्यांच्या वाटा वेगळ्या होतात. नेदरलँड्समधल्या १६१८-१९ च्या डॉर्टच्या परिषदेने देवाच्या निवडीवर भर दिला. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने सर्वांना आधीच लाभलेल्या कृपेवर, जिला माणूस नकारही देऊ शकतो, भर दिला. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेने देव आणि माणूस यांच्या सहकार्याची भाषा जपली. आपल्याकडे दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये हाच प्रश्न दोन न्यायांनी मांडला गेला : माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून राहते, मांजरीचे पिल्लू आईच्या तोंडात नुसते लोंबकळते. पौल आपली जागा सांगतो, तेव्हा त्याच्या वाक्यात दोन्ही पिल्ले एकाच वेळी दिसतात : ज्यासाठी ख्रिस्ताने मला आपल्या कह्यात घेतले, ते मी आपल्या कह्यात घ्यावे म्हणून मी धावत आहे (फिलिप्पैकरांस ३:१२). इतर सर्व प्रेषितांपेक्षा मी अधिक श्रम केले, असे सांगून, ते मी केले नाहीत तर माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले, असेही तो लगेच म्हणतो (१ करिंथकरांस १५:१०). हे कोडे पूर्ण सोडवण्यापेक्षा ती दोन वाक्ये जोडीने म्हणत राहणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

मरणाच्या दारात असलेला माणूस ‘मी पुरेसे केले का?’ असे विचारतो. त्याला काय सांगावे?

त्याला लूक २३:३९-४३ वाचून दाखवावे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या अपराध्याला बाप्तिस्मा घेता येणार नव्हता, चोरलेले परत करता येणार नव्हते, कोणाच्या जखमा धुता येणार नव्हत्या. तरीही ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन त्याला मिळाले. त्याला हलवता येत होती ती फक्त जीभ. तिने त्याने दुसऱ्या अपराध्याची कानउघाडणी केली, येशू निर्दोष असल्याची साक्ष दिली आणि आपली आठवण ठेवण्याची विनवणी केली.

एका आजींनी मला हा प्रश्न सरकारी दवाखान्यात विचारला होता, आणि मी त्यांना हाच उतारा वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकले आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग शेजारच्या खाटेकडे नजर वळवून त्या मला हळूच म्हणाल्या, ‘त्या बाईंचा तांब्या रिकामा आहे, तेवढा भरून द्याल का?’